धरून ठेवलेले हात

रविवार, दिनांक १७ नोव्हेंबर. सकाळच्या उपासनेपूर्वी चर्चच्या सभागृहातील डाव्या खांबाजवळचे उंच स्टूल उचलून मागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवण्यात आले. त्या जागी भिंतीवर एक पडदा बसवण्यात आला. पाळक जे बोलतात ते या पडद्यावर आपोआप अक्षरांत उमटते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही सोय असल्याचे व्यासपीठावरून सांगण्यात आले आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या. ज्यांच्यासाठी सोय, त्यांच्यापैकी एकालाही ती हवी आहे का, असे विचारण्यात आले नाही. ही तक्रार नोंदवून घ्यावी. नोंदवून घेणारे कोणी नसेल, तर वाचणाऱ्याने निदान लक्षात ठेवावी.

त्या स्टुलावर दुभाषीबाई बसत. पाळकांकडे पाठ आणि खुणांच्या रांगेकडे तोंड, अशी त्यांची बैठक. खुणांची रांग म्हणजे डावीकडचा पहिला बाक; ज्यांना ऐकू येत नाही ती माणसे तिथे बसत. पाळकांच्या तोंडचा शब्द कानाने घ्यायचा आणि हातांनी रांगेपुढे मांडायचा. रांगेतल्या कोणी हात हलवले, तर ते डोळ्यांनी घेऊन तोंडाने मंडळीला ऐकवायचे. हे काम त्या विनामूल्य करीत. पोटासाठी त्यांची चष्म्याच्या दुकानात नोकरी होती. दिवसभर दांड्या वाकवणे, नाकावरच्या टेकण्या सरळ करणे, डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढे स्क्रू पिळणे. मंडळीतली लहान मुले त्यांना ‘हातवाल्या बाई’ म्हणत. त्यांना त्याचा राग येत नसे.

खुणांची भाषा त्या कोणत्या वर्गात शिकल्या नव्हत्या. त्यांची थोरली बहीण जन्मापासून बहिरी. जेवणाच्या टेबलाखाली, वडिलांची नजर चुकवून, दोघी बहिणी गुडघ्यांवर हात ठेवून बोलत. टेबलावर हात हलवलेले वडिलांना चालत नसे. माणसासारखे बोला, असे ते म्हणत. त्यामुळे धाकटीला भाषा आली ती चोरून, आणि चोरून आलेली गोष्ट माणूस जपून वापरतो.

आणखी एका गोष्टीने ती जपणूक पक्की झाली. थोरलीला मूल झाले तेव्हा धाकटी शाळेत होती. बाळंतपण अवघड गेले. डॉक्टर खाटेशी येऊन सांगत होते आणि एक मावशी, जिला चार खुणा येत, ती थोरलीला समजावत होती. डॉक्टर म्हणाले, बाळाची आशा नाही. मावशीने खूण केली, बाळ झोपले आहे. मायेपोटीच केली. थोरलीला खरे कळले ते रिकामा पाळणा बाहेर नेताना पाहून. पुढे कित्येक वर्षे ती मावशीशी बोलली नाही, आणि धाकटीला एकदाच म्हणाली, “तिने मला रडू दिलं असतं तर त्याला मांडीवर घेऊन रडले असते.”

तेव्हापासून दुभाषीबाईंनी एक नियम केला. गाळायचे नाही, घालायचे नाही आणि आपले मत द्यायचे नाही. मंडळीने त्यांना स्टूल दिले, तेव्हा पंचांच्या बैठकीत त्यांनी हा नियम स्वतः उभे राहून सांगितला होता. “मी तिथे असून नसल्यासारखी. काचेसारखी. माझ्याकडे बघायचं नाही, माझ्यातून बघायचं,” असे त्यांचे शब्द होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना पुढे हाच नियम कामी आला, त्यांनी सर्वांत जोरात डोलावल्या असाव्यात.

खुणांच्या रांगेत कोणालाही कागदावरच्या नावाने ओळखत नाहीत. तिथे प्रत्येकाला एक खूण बहाल होते आणि ती त्याला जन्मभर चिकटते. पाळकांची खूण टकलावरून फिरणारा तळहात. हे पाळकांना आजतागायत ठाऊक नाही. दुभाषीबाईंची खूण नाकावरचा चष्मा वर सरकवणारे बोट. मंडळीचे मोठे पंच, ज्यांचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना होता, त्यांची खूण गळ्याशी टायची गाठ आवळणे; म्हणून त्यांना टायवाले म्हणू. आणि ज्याच्यासाठी हे सगळे लिहायचे तो तरुण, त्याला हसताना गालावर खळी पडे. उजव्या हाताचे पहिले बोट गालात रुतवून किंचित फिरवायचे, ही त्याची खूण. त्याला खळी म्हणू.

खळी टायवाल्यांच्या कारखान्यात कामाला होता. हे उपकार होते, यात शंका नाही. त्याला इतर कोणी दारात उभे करीत नव्हते. टायवाल्यांनी रांगेतल्या चौघांना काम दिले होते, आणि दर वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेत पाळक त्यांचे नाव घेत. ते नाव घेताना टायवाले खाली बघत. ढोंगाने नव्हे, त्यांना खरेच संकोच वाटे. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती.

पुठ्ठा कापायच्या यंत्राचे पाते खाली येण्याआधी एक भोंगा वाजे. ऐकू येणारा माणूस हात मागे घेई. खळीला भोंग्याचा उपयोग शून्य. त्याच्यासाठी पात्यापुढे लोखंडी जाळी होती. जाळी असली की हात आत जाऊच शकत नसे, पण पुठ्ठाही अडके आणि काम रेंगाळे. सुगीच्या दिवसांत मागणी वाढली. एक दिवस जाळी काढून पाण्याच्या पिंपामागे भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. खळीने टायवाल्यांना हातवारे करून विचारले होते. भोंग्याच्या जागी लाल दिवा तरी लावा, म्हणून बोटाने दिवा विझवून पेटवून दाखवला होता. टायवाल्यांनी अंगठा वर केला. लावू.

दिवा लागायच्या आत पाते खाली आले. उजव्या हाताचे पहिले बोट आणि मधले बोट गेले.

ऐकू येणाऱ्या माणसाची दोन बोटे जातात तेव्हा त्याचा हात अधू होतो. खळीचा शब्द अधू झाला. निम्म्या खुणा अर्धवट उमटू लागल्या. ‘पाणी’ आणि ‘उद्या’ यांतला फरक समोरच्याने ताडून घ्यावा लागे. स्वतःचे नाव तो आता डाव्या हाताने, दुसऱ्या गालावर सांगे. आरशातला माणूस आपले नाव सांगतो आहे, असे पाहताना वाटे. चेहरा तोच, खूण तीच; पण त्या गालावर खळी कमी पडे.

टाके निघाल्यावर त्याने कामगार कार्यालयात तक्रार दिली. दुभाषीबाई सोबत गेल्या. त्याची मागणी ऐकून तिथला अधिकारीसुद्धा चकित झाला. खळी म्हणाला, “जाळी कोणी काढायला लावली, ते त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं.”

“आणि?” अधिकाऱ्याने विचारले.

“आणि मग बघू.”

मंडळीत कुजबुज सुरू झाली. भावाने भावाला परक्या न्यायासनापुढे ओढू नये, असे शास्त्र आहे. ते शास्त्र ज्यांनी कधी कोणाच्या कारखान्यात पाऊल ठेवले नव्हते त्यांनाही तोंडपाठ होते. अखेर पाळकांनी शनिवारी संध्याकाळी सर्वांना आपल्या दालनात बोलावले. समेटासाठी.

दालन लहान होते. मध्ये गोल टेबल, त्यावर चहा, कपाटात झग्यांची रांग, खिडकीशी एक कुंडी, तिला कोणीतरी जास्त पाणी घालून मारत आणलेली. पाळक, टायवाले, मंडळीचे खजिनदार, गायनवृंदाच्या प्रमुख बाई, खळी आणि त्याच्या अगदी समोर दुभाषीबाई, कारण समोर असल्याशिवाय हात दिसत नाहीत.

“आपण कोर्ट नाही,” पाळक म्हणाले. “आपण कुटुंब आहोत.”

दुभाषीबाईंनी हातांनी सांगितले. खळीचे हात हलले आणि बाईंनी त्यांना आवाज दिला. “मग घरात जाळी कोणी काढली?”

खजिनदार हसले आणि कोणी हसत नाही हे पाहून चहाकडे वळले.

“अरे, मी तुला मुलासारखं वागवलं,” टायवाले म्हणाले. “तुला कोणी उभं करत नव्हतं. मी यंत्रावर उभं केलं.”

“केलंत. जाळी काढून केलंत.”

“तेवढ्या दिवसांपुरती काढली होती.”

“कोणी?”

“बघा पाळकसाहेब, हा असा धरून बसतो.”

पाळक पुढे झुकले. “बाळ, क्षमा ही समोरच्यासाठी नसते. ती आपल्यासाठी असते. मनातला काटा काढून टाकण्यासाठी.”

हे वाक्य हातांनी सांगताना दुभाषीबाईंना जड गेले, पण त्यांनी गाळले नाही. खळीने ते पाहिले, थोडा विचार केला आणि उरलेल्या बोटांनी सावकाश उत्तर दिले. बाईंनी ते तितक्याच सावकाश म्हटले. “मी क्षमा करीन. नाही करणार, असं म्हटलंच नाही. आधी त्यांनी सांगावं. ज्याने काय केलं ते सांगितलंच नाही, त्याला क्षमा कशाची करू?”

“माझं देवापाशी सगळं बोलून झालंय,” टायवाले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “रोज बोलतो.”

“देवाला ऐकू येतं,” खळी म्हणाला. “मला येत नाही. मला दिसेल असं सांगा.”

गायनवृंदाच्या बाई पदराशी चाळा करू लागल्या. टायवाल्यांनी तोंड उघडले. त्या क्षणी ते सांगतील, असे दुभाषीबाईंना वाटले. आजही वाटते. पण शांततेची सवय नसलेली माणसे ती फार वेळ सहन करू शकत नाहीत. पाळक उठले.

“पुरे झाले शब्द. प्रार्थना करू या. सगळे हात धरू.”

त्या मंडळीत समेटाची प्रार्थना हात धरूनच होई. जुनी रीत होती, सुंदरही होती. आजवर खुणांच्या रांगेतल्या कोणाचा समेट करण्याची वेळ आली नव्हती, म्हणून तिच्यातला खोडा कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

“हात धरले तर याला काही कळणार नाही,” दुभाषीबाई म्हणाल्या.

“प्रार्थना देवाला कळते, बाई,” पाळक मायेने म्हणाले, आणि गायनवृंदाच्या बाईंनी आपला हात पुढे केला.

दुभाषीबाईंनी तो धरला. दुसऱ्या बाजूने खजिनदारांनी दुसरा हात धरला. का दिला हात, हे त्यांना अजून सांगता येत नाही. लहानपणापासून प्रार्थनेला हात मागितला की दिला होता. श्वास आत घेताना कोणी विचार करतो का? समोर खळीचा डावा हात पाळकांच्या हातात होता. उजवा, दोन बोटे गेलेला, टायवाल्यांनी अंडे धरावे इतक्या अलगद धरला होता. सर्वांनी डोळे मिटले. उघडे होते ते चार डोळे. खळी बाईंकडे पाहत होता, बाई खळीकडे.

पाळकांनी आभार मानले. बंधुत्वाबद्दल, उपजीविकेबद्दल, दुःखातून येणाऱ्या शहाणपणाबद्दल. मग म्हणाले, “आणि हे दयाळू पित्या, आमच्या या तरुण भावाने आपल्या भावाला आज मनापासून क्षमा केली आहे, याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो.”

दुभाषीबाईंचे हात ओढले गेले. आपोआप, ऐकलेले वाक्य मांडण्यासाठी. दोन्हीकडच्या हातांना वाटले त्यांना भरून आले आहे, म्हणून त्यांनी अधिकच घट्ट धरले. बाईंनी भुवया उंचावल्या, मान हलवली, ओठांनी काहीतरी सांगू पाहिले. खळीला कळले एवढेच, की काहीतरी मोठे बोलले जात आहे.

“आमेन,” सगळे म्हणाले.

रांगेतल्या माणसांना तो एक शब्द ओठांवरून ओळखता येतो. तो आला की आपणही म्हणायचे, ही त्यांची सवय. खळीने सगळ्यांची तोंडे हललेली पाहिली आणि आपल्या न मोजलेल्या, मोठ्या आवाजात तोही म्हणाला, “आमेन.”

टायवाल्यांनी त्याला मिठी मारली. गायनवृंदाच्या बाईंनी डोळे पुसले. कोणी चहा पुन्हा गरम करायला धावले, कोणी फोटो काढला, आणि गर्दीतून दुभाषीबाई त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत टायवाल्यांनी खळीला आपल्या गाडीत बसवून घरी पोहोचवायला नेले होते. त्याला वाचन बेताचेच येई. निरोप लिहून उपयोग नव्हता. सकाळी उपासनेपूर्वी सांगू, असे बाईंनी ठरवले.

घरी थोरलीने सगळे विचारून घेतले. ऐकून झाल्यावर तिने बहिणीच्या हातांकडे पाहिले. “तुझे हात धरले होते, बरोबर,” ती म्हणाली. “तोंड तर मोकळं होतं ना?”

प्रार्थनेत मध्ये बोलायचे नसते, हे उत्तर होते; पण ते थोरलीला देण्याजोगे नव्हते.

रविवारी खळी टायवाल्यांच्याच गाडीतून आला, पहिले गीत सुरू झाल्यावर. त्याला बाजूला घ्यायला वेळ मिळाला नाही. सूचना वाचून झाल्यावर पाळक थांबले, हसले आणि म्हणाले, “काल आपल्यामध्ये देवाने एक मोठं काम केलं. आपल्या तरुण भावाने मनापासून क्षमा केली आहे.”

गाळायचे नाही. दुभाषीबाईंनी ते जसेच्या तसे मांडले.

खळी खूश झाला. कोण तो भला माणूस, म्हणून त्याने मान वळवून मागचे बाक पाहिले. मग हाताने विचारले, “कोणी?”

बाईंनी आपले बोट गालात रुतवून फिरवले.

या खुणेचा दुसरा कोणी मंडळीत नव्याने आला आहे की काय, असे काही क्षण त्याच्या चेहऱ्यावर दिसले. मग त्याला कालचे मिटलेले डोळे, मिठी, फोटो, सगळे एका ओळीत आठवले असावे. तो उभा राहिला आणि त्याचे दोन्ही हात बोलू लागले. बाईंनी, नियमाप्रमाणे, मोठ्याने म्हटले, “मी क्षमा केलेली नाही. जाळी कोणी काढली, ते अजून कोणी—”

पाळकांनी पेटीवाल्याकडे पाहिले आणि गीत सुरू झाले. लोक वही उघडून उभे राहिले. ज्यांनी वळून पाहिले त्यांनी पाहिले ते दुभाषीबाईंकडे. उभ्या असलेल्या माणसांमध्ये आणखी एक उभा माणूस हात हलवतो आहे, हे कोणाला वेगळे दिसण्याचे कारणच उरले नाही.

मंगळवारी टायवाले चष्म्याच्या दुकानात आले. त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. बाईंनी चष्मा घेतला आणि बारीक पेचकस हातात धरला. चष्म्याशिवाय टायवाल्यांचा चेहरा म्हातारा आणि निराधार दिसत होता.

“तुम्ही असं करायला नको होतं,” ते म्हणाले. “तुमचाच नियम ना, दुभाष्याला मत नसतं म्हणून?”

“ते माझं मत नव्हतं. तो बोलत होता.”

“उपासनेत?”

“पाळकही उपासनेतच बोलले.”

ते थोडा वेळ काउंटरवरच्या आरशाशी चाळा करीत राहिले. “मला झोप लागत नाही हो.”

“मग सांगून टाका ना उभं राहून. एक वाक्य आहे.”

“एका वाक्यावर कारखान्याला टाळं लागतं, बाई. मी मंडळीत कबूल केलं की तिकडे तो अधिकारी लिहून घेणार. किती घरं चालतात त्यावर, माहीत आहे? तुमच्या रांगेतल्याच चौघांना उद्या कोण घेईल कामाला? तुम्ही?”

दुभाषीबाईंनी स्क्रू पिळला. चष्मा पुसून त्यांनी पुढे केला. टायवाल्यांनी तो चढवला, आरशात पाहिले आणि आभार मानून गेले.

कामगार कार्यालयातून पाहणी झाली तेव्हा जाळी यंत्रावर होती. नवी हिरवी रंगवलेली. भोंग्याशेजारी लाल दिवाही लागला होता. ज्या कामगारांनी जाळी पिंपामागे पाहिली होती, ते सगळे मंडळीतलेच. त्यांना विचारले, तर ते म्हणाले, आता मिटलंय की साहेब, त्यानेच सगळ्यांदेखत आमेन म्हटलं. एकाने तर दुभाषीबाईंना वाटेत थांबवून समजावले, “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच का उघडता?”

“मूठ त्याची आहे,” बाई म्हणाल्या. “आणि ती आता धड मिटतही नाही.”

तो माणूस ओशाळला, पण साक्षीला आला नाही. पुराव्याअभावी तक्रार निकालात निघाली.

खळीला टायवाल्यांनी फाटकावर राखणदार म्हणून बसवले. बसल्या जागेचे काम, हाताला श्रम नाहीत. थोरलीने हे ऐकले तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली. “बहिरा राखणदार,” ती म्हणाली. “चोरांना सांगा, येताना दिवा लावून या.”

पंचांनी दुभाषीबाईंवर काही कारवाई केली, असे कोणाला म्हणता येणार नाही. त्यांच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव झाला. त्यांचे वय, त्यांच्या दुकानातले उभे काम, त्यांना विश्रांतीची गरज, सगळ्याचा प्रेमाने उल्लेख झाला. पडद्याचा खर्च टायवाल्यांनी उचलला. हेही प्रेमानेच, आणि यातला कडवटपणा माझा आहे, त्यांचा नाही.

तर, १७ नोव्हेंबर. दुभाषीबाई खुणांच्या रांगेच्या मागच्या बाकावर बसल्या. पडद्यावर पाळकांचे शब्द भराभर वर सरकत होते. थोरलीला वाचता येते. तिने पहिल्या काही ओळी वाचल्या आणि मग छताकडे पाहत बसली. खळीने वळून गुडघ्याशी, कोणाला दिसणार नाही असा हात हलवला. टेबलाखाली हलवावा तसा.

“हा डबा काय म्हणतोय?”

“समेटाबद्दल बोलतोय,” बाईंनी गुडघ्यावरूनच सांगितले.

“माझं काही?”

“हो. उदाहरण म्हणून.”

तो पुढे वळला. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने हात वर केला. शाळेतल्यासारखा, सरळ, उजवा, तीन बोटांचा. प्रश्न विचारायचा आहे, म्हणून. पूर्वी स्टुलावरून तो हात दिसे आणि बाई पाळकांना म्हणत, रांगेतून काही विचारायचं आहे. पडद्याला डोळे नसतात. पडदा रांगेला सांगू शकतो, रांगेचे ऐकू शकत नाही. म्हणजे जे मंडळीला हवे होते नेमके तेच तो करतो. प्रार्थना सुरू झाली तरी हात वरच राहिला. दुभाषीबाईंनी तो मागून पाहिला, आणि या वेळी त्यांचे हात कोणी धरलेले नव्हते, तोंडही मोकळे होते. त्या अर्ध्या उठल्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, मायेने, आणि कुजबुजल्या, “बसा हो. प्रार्थना चाललीय.”

त्या बसल्या. हात खाली आला.

मंडळीच्या सभासदांनो, तुम्ही क्षमेवर पुष्कळ ऐकले आहे, त्यामुळे त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. मागणी साधी आहे. पडदा राहू द्या. अडगळीतले स्टूल आणून परत डाव्या खांबाशी ठेवा आणि त्यावर बाईंना बसवा. मग ज्याच्या नावाने तुम्ही क्षमा जाहीर केली आहे, त्याला पुढे बोलवा, त्याचा हात कोणीही धरू नका आणि त्याला विचारा. उत्तर संपेपर्यंत पेटी वाजवू नका.